ऐकलेली बातमी आणि पाहिलेली वेदी

शास्त्रपाठ : यहोशवा २२:१०-३४, निर्गम २३:१

देश जिंकून झाल्यावर रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेपलीकडच्या आपल्या वतनाकडे परत निघाले, आणि जाता जाता त्यांनी नदीकाठी एक मोठी वेदी बांधली. ही बातमी इतर इस्राएलांच्या कानी गेली. बातमी खोटी नव्हती, वेदी खरोखरच होती. चुकला होता तो तिचा लावलेला अर्थ. आपल्या बांधवांनी परमेश्वराला सोडले असे समजून सगळी मंडळी लढाईसाठी शिलो येथे जमली. मात्र स्वारी करण्यापूर्वी त्यांनी याजक फिनहास व त्याच्याबरोबर दहा सरदार गिलादात पाठवले. त्यांची भाषा कडकच होती, हे शिक्षकांनी वर्गात झाकू नये. पण ते गेले, समोरासमोर बोलले आणि उत्तर ऐकून घेतले. ती वेदी यज्ञांसाठी नव्हतीच. नदी मध्ये आहे म्हणून पुढे आपल्या मुलांना कोणी परके ठरवू नये, यासाठी ती साक्ष होती.

उधन्यातील आपल्या पुष्कळ मराठी कुटुंबांची मूळ गावे खानदेशात आहेत. ताप्ती मार्गाच्या गाडीने गावी पोचायला काही तास लागतात. मोबाईलवरचा मजकूर मात्र लूमच्या खात्यातून साक्रीला क्षणात जातो. त्याच साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरले होते. ते पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण लेकरांची काळजीच घेत आहोत असे वाटले असेल. तेथे फिनहास कोणी झाला नाही.

अफवेला यंत्रच लागते असे नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा मोबाईल कोणाच्या हाती नव्हते, तरी तोंडोतोंडी गोष्टी पसरल्या आणि लाखो लोक शहर सोडून गेले. म्हणून मोबाईलला सैतानाचे खेळणे म्हणून सोडून देणे आम्हांला पटत नाही. २०२० मध्ये उपासनामंदिरे बंद असताना कितीतरी घरांत प्रार्थना याच यंत्राने पोचली.

निर्गम २३:१ मध्ये खोट्या बातमीविषयी जी मनाई आहे, तिथल्या मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ ‘उचलणे, वाहून नेणे’ असाही होतो. म्हणजे ‘मी लिहिले नाही, आले तसे पाठवले’ ही सबब शास्त्राने आधीच काढून घेतली आहे. २०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, ती याच वाहतुकीला आवर घालण्यासाठी. दुहेरी बाणाची खूण दिसली, की तो मजकूर पुष्कळ हातांतून आला आहे असे समजावे.

पावसाळ्यात उकाई धरणातून पाणी सोडल्याचे निरोप येतात. ऑगस्ट २००६ चा पूर पाहिलेल्या घरांत ते वाचताच धडकी भरते. अशा वेळी आधी तारीख पाहावी. कधीकधी जुनाच मजकूर फिरत असतो. मग महानगरपालिका किंवा जिल्हा प्रशासनाची सूचना पाहावी. खरी असेल तर गटावर टाकून न थांबता, नदीकाठी राहणाऱ्या व मोबाईल न वापरणाऱ्या वृद्धांना फोन करावा किंवा जाऊन सांगावे. ते पाठवणेही सेवाच आहे.

वचन ३२ वर वर्गात थोडे थांबावे. फिनहास परत आला आणि ज्यांच्यात संशय पसरला होता त्याच लोकांना त्याने खरी हकिकत सांगितली. त्यानंतर लढाईची भाषा बंद झाली. मोठ्या मुलांना विचारावे : चुकीचा निरोप चाळीस जणांच्या गटावर गेला असेल, तर दुरुस्ती कितींना पाठवाल?