आजोबांची खेळी, नातीची नक्कल

प्रश्न : माझी मुलगी आणि तिचे आजोबा रोज जेवणं झाली की बुद्धिबळाचा एक डाव मांडतात. मुलगी काळी मोहरी घेते आणि आजोबा जे खेळतील तेच आपल्या बाजूने खेळते. “निदान बरोबरी तरी सुटेल,” म्हणते. खरंच सुटेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही सुटणार. पट समोर घ्या. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. मग राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. तिसऱ्या खेळीला आजोबांच्या घोड्याने काळं प्यादं खाल्लं, नातीच्या घोड्याने पांढरं. इथवर हिशेब चुकता. आता आजोबा वजीर राजाच्या पुढच्या घरात आणतात, रोख काळ्या घोड्यावर. नातही तेच करते. पाचव्या खेळीला पांढरा वजीर घोडा मारतो, काळाही मारतो. दोन्ही वजीर समोरासमोर, आणि पाळी आजोबांची! सहाव्या खेळीला काळा वजीर जातो, वर राजाला शह. शहाची नक्कल करता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो.

चौथ्या खेळीला घाबरून घोडा मागे घेतला, तरी सुटका नाही. पांढरा घोडा वजिराच्या वाटेतून उडी मारून बाजूला होतो. त्याच्यामागून वजिराचा शह लागतो आणि घोड्याची नजर थेट काळ्या वजिरावर. माझ्या मते नवशिक्याला दाखवावा असा याहून सुंदर सापळा नाही.

म्हणून ही सुरुवात टाकाऊ मात्र समजू नका. रशियन खेळाडू अलेक्झांडर पेत्रोव (१७९४–१८६७) यांच्या नावाने ती ओळखली जाते. २०१८ साली लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात फाबियानो कारुआनाने मॅग्नस कार्लसनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी हीच निवडली आणि ८० खेळ्यांनंतर डाव बरोबरीत सुटला. फरक तिसऱ्या खेळीचा. प्यादं खायची घाई करायची नाही. आधी वजिरापुढचं प्यादं एक घर सारून पांढऱ्या घोड्याला हुसकायचं आणि तो मागे गेला की मगच आपल्या घोड्याने खायचं.

आज रात्री मुलीला दोन खेळ्या खुशाल नक्कल करू द्या. तिसरीला तिचा हात घोड्याकडे गेला की एवढंच विचारा : “आजोबांचा वजीर आता कुठे येईल?”