दायमाबादची जनावरे

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर, दायमाबाद नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणीत असता कांस्याची चार शिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारांचे वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. गेंडा, रेडा व रथ यांना भरीव चाके आहेत. हत्तीची चाके हरपली असून बैठकीला आसाची जागा तेवढी राहिली आहे. मुलांची खेळणी म्हणावीत, तर ती ओढवतील कोणाला? मिरवणुकीत ओढीत असावीत, असेच मला वाटते.

मुलांनो, ही जनावरे नुसती ओळखून पुढे जाऊ नका. गेंड्याच्या अंगावरील कातड्याच्या घड्या पाहा. कारागिराने गेंडा कोठे पाहिला, हे धातू सांगत नाही; परंतु ऐकीव माहितीवर असा गेंडा घडत नाही. आता रथाकडे वळू. दोन लांबट बैल जुवाखाली उभे आहेत, मागे हाकणारा उभा आहे, आणि दांडीवर चक्क एक कुत्रे! रथ ओढण्यास त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी ते तेथे आहे, कारण धन्याबरोबर ते असतेच.

जपानी चित्रकार हिरोशिगे याच्या १८५७ सालच्या एका ठसाचित्रात खिडकीत बसलेले पांढरे मांजर आहे. त्याचे अंग म्हणजे बहुतांशी न रंगविलेला कोरा कागद. त्याने आपल्याकडे पाठ फिरविली आहे. तरी बाहेरच्या शेतांकडे ते किती तन्मयतेने पाहते आहे, हे त्याच्या बसण्यावरूनच उमगते. लाकडी ठशाचे चित्र आणि ओतीव कांस्य यांत कालाचे व देशाचे केवढे अंतर! पण दोन्हीकडे कलावंताने केस मोजले नाहीत; जनावराची ठेवण तेवढी टिपली.

दायमाबादची शिल्पे शास्त्रीय उत्खननात मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी वाद आहे. पुष्कळ अभ्यासक ती उत्तर हडप्पाकालीन, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. काहींना धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून शंका येते.

महाराष्ट्राच्या रानात आज गेंडा नाही. बैल मात्र आहेत. उसाची गाडी जवळून जाईल तेव्हा जुवाखालची बैलाची मान पाहा, आणि मग तो रथ पुन्हा पाहा.