घटक ३ : सममितीचे वर्गीकरण – वारली लग्नचौकाच्या आधारे

३.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• सममितीच्या चार मूलभूत हालचाली सांगता येतील.
• एकट्या आकृतीच्या आणि पट्टीतील नक्षीच्या सममितीचे वर्गीकरण करता येईल.
• लोकचित्राचे वर्णन करताना सममिती कोठे आहे व कोठे मोडली आहे, हे साधार लिहिता येईल.

३.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लोककलेविषयी लिहिताना ‘रेखीव’, ‘प्रमाणबद्ध’, ‘भौमितिक’ ही विशेषणे आपण सहज वापरतो. ती चुकीची नसतात. परंतु त्यांवरून एका चित्राचे दुसऱ्या चित्रापासूनचे वेगळेपण कळत नाही. वर्णन तपासून पाहता यावे, यासाठी काटेकोर परिभाषा लागते. सममितीचे वर्गीकरण ही अशी एक परिभाषा आहे.

बोईसर, पालघर, डहाणू, तलासरी या परिसरातील विद्यार्थ्यांना तिचे उत्तम उदाहरण घराजवळच उपलब्ध आहे. ते म्हणजे वारली समाजातील लग्नचौक. विवाहप्रसंगी सवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात. चौकटीच्या आत पालघट देवी असते. शेजारी लहान देवचौक असून त्यात पंचशिऱ्या देव असतो. हीच चित्रपरंपरा पुढे कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोहोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ सममिती म्हणजे काय?

एखादी आकृती विशिष्ट रीतीने हलवल्यावर पूर्वीसारखीच दिसत असेल, तर ती हालचाल त्या आकृतीची ‘सममिती’ होय. सपाट पृष्ठावर अशा चार हालचाली असतात.

१) परावर्तन : एका रेषेत आरसा धरल्याप्रमाणे आकृती उलटणे.
२) परिवलन : एका बिंदूभोवती आकृती फिरवणे.
३) स्थानांतरण : आकृती न फिरवता, न उलटता सरकवणे.
४) सरक-परावर्तन : आकृती एका रेषेच्या दिशेने सरकवून त्याच रेषेत उलटणे. ओल्या वाळूतील डाव्या-उजव्या पावलांचे ठसे हे याचे परिचित उदाहरण.

आकृती आहे तशी ठेवणे, हीदेखील गणनेत एक सममिती मानतात. त्यामुळे कोणत्याही आकृतीची किमान एक सममिती असतेच.

३.२.२ एकट्या आकृतीचे वर्गीकरण

चौरसाच्या एकूण ८ सममिती आहेत : ४ परिवलने (आहे तशी स्थिती धरून) आणि ४ परावर्तने. समभुज त्रिकोणाच्या ६, तर चौरस नसलेल्या आयताच्या ४ सममिती असतात.

मात्र केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या (समभुज नसलेल्या) २ सममिती असतात आणि सामान्य समांतरभुज चौकोनाच्याही २ असतात. पहिल्यात आरसा आहे, पण परिवलन नाही. दुसऱ्यात अर्धे परिवलन आहे, पण आरसा नाही. म्हणून सममितीची संख्या आणि तिचा प्रकार, दोन्ही नोंदवावे लागतात.

आता वारली मनुष्याकृती पाहू. टोकाला टोक जोडलेले दोन सारखे समद्विभुज त्रिकोण म्हणजे तिचे धड. केवळ धडाच्या ४ सममिती आहेत : उभा आरसा, आडवा आरसा, अर्धे परिवलन आणि मूळ स्थिती. त्यावर डोक्याचे वर्तुळ काढताच आडवा आरसा व अर्धे परिवलन नाहीसे होते. २ सममिती उरतात. एक पाय उचलला, हात पुढे केला, की उभा आरसाही जातो. उरते ती केवळ मूळ स्थिती. सममिती कमी होत गेली तसतसा भौमितिक आकाराचा माणूस झाला आणि माणूस चालू लागला, हे ध्यानात घ्यावे.

३.२.३ पट्टीतील नक्षीचे वर्गीकरण

एकाच दिशेने पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीला ‘पट्टी’ म्हणू. प्रत्येक पट्टीत स्थानांतरण असतेच. त्याच्या जोडीला येणाऱ्या हालचालींनुसार पट्ट्यांचे बरोबर ७ प्रकार होतात.

१) केवळ स्थानांतरण : एकाच बाजूस तोंड केलेल्या काटकोन त्रिकोणांची रांग.
२) सरक-परावर्तन : पावलांचे ठसे.
३) उभे आरसे : ताठ उभ्या समद्विभुज त्रिकोणांची रांग.
४) आडवा आरसा : एकामागून एक आडव्या बाणांची टोके.
५) अर्धे परिवलन : तिरप्या समांतर रेघांची रांग.
६) उभे आरसे, अर्धे परिवलन व सरक-परावर्तन : नागमोडी कोनांची रेघ.
७) उभे आरसे, आडवा आरसा व अर्धे परिवलन : शंकरपाळ्याच्या आकारांची साखळी.

पट्टी हाती आल्यावर क्रमाने विचारावे : उभा आरसा आहे का? आडवा आरसा आहे का? अर्धे परिवलन चालते का? सरक-परावर्तन आहे का? उत्तरांवरून प्रकार निश्चित होतो.

नक्षी दोन दिशांनी पसरली (उदा. फरशी, चादर, पेव्हर ब्लॉक), तर प्रकारांची संख्या १७ होते. हे वर्गीकरण १८९१ मध्ये फेदोरोव्ह यांनी सिद्ध केले. १९२४ मध्ये पोल्या यांनी ते पुन्हा मांडले; त्यांच्या लेखाचा चित्रकार एशर यांनी अभ्यास केला.

३.२.४ लग्नचौकाचे वाचन

चौकट चार पट्ट्यांची बनते. पट्टीतील त्रिकोण ताठ उभे असतील आणि चारही बाजू व कोपरे सारखे असतील, तर चौकटीला चौरसाच्या आठही सममिती लाभतात. तेच त्रिकोण एका दिशेने कलते काढले, तर आरसे जातात व चार परिवलने उरतात. चौकट जणू फिरू लागते.

आत देवीची आकृती येताच संपूर्ण चित्राचे परिवलन संपते. वर आणि खाली यांत भेद निर्माण होतो. फार तर एक उभा आरसा शिल्लक राहतो. भोवती झाडे, माणसे, प्राणी आले की तोही राहत नाही. म्हणून ‘वारली चित्र सममित असते’ हे विधान अपुरे आहे. चौकट सममित असते. तिच्या आतील जीवन तसे नसते.

येथे एक शंका संभवते. हाताने काढलेली रेघ कधीच तंतोतंत सारखी नसते. मग सममिती कशी मानावी? वर्गीकरण रेघेचे नसून रेघेमागील नियमाचे असते. तो नियम सवासिनींच्या हाताला पट्टीशिवाय, कर्काटकाशिवाय ठाऊक असतो. हे ज्ञान नोंदवणे, हेही लोककलेच्या अभ्यासकाचे काम आहे.

३.२.५ तारपा नृत्य : एक कसोटी

समान अंतरावर, एकाच दिशेने पुढे सरकणाऱ्या सारख्या नर्तकांचा बंद घेर काढला, तर त्यात परिवलन असते, आरसा नसतो. अशा चित्राचा अर्धा भाग संगणकावर उलटवून दुसरा अर्धा तयार केला, तर चित्र वरवर अधिक ‘प्रमाणबद्ध’ दिसेल. परंतु दोन्ही बाजूंचे नर्तक एकमेकांवर चालून येतील आणि घेर फिरणार नाही. सममितीचा चुकीचा प्रकार निवडल्याने नृत्यच थांबते. कापडावर वा भिंतीवर छापलेली वारली नक्षी पाहताना ही कसोटी लावून पाहावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१) समद्विभुज त्रिकोण व समांतरभुज चौकोन यांच्या सममितीतील फरक सांगा.
२) नर्तकांचा घेर बंद नसून आत वळत जाणारा असेल, तर त्यात परिवलन-सममिती राहील का?

३.३ सारांश

सममिती म्हणजे आकृती न बदलणारी हालचाल. परावर्तन, परिवलन, स्थानांतरण व सरक-परावर्तन या चार हालचालींच्या आधारे पट्ट्यांचे ७ आणि पसरत्या नक्षीचे १७ प्रकार होतात. लग्नचौकात सममिती चौकट उभी करते, तर तिचा भंग आकृतींना दिशा, गती व अर्थ देतो. वर्णनात दोन्हींची नोंद आवश्यक आहे.

३.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) त्रिकोणात एक आरसा आहे, परिवलन नाही, समांतरभुज चौकोनात अर्धे परिवलन आहे, आरसा नाही.
२) नाही. वळत जाणाऱ्या रांगेला आरंभ व शेवट असतो. फिरवल्यावर ती स्वतःवर बसत नाही.

३.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एक चौक, रांगोळी, साडीचा काठ किंवा जाळी निवडा. घरातील भिंतीवरील चौक असल्यास कुटुंबाची अनुमती घ्या. तिचे रेखाटन करून सममितीचा प्रकार ठरवा आणि सममिती जेथे मोडली आहे, तेथे काय चितारले आहे, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.