अंगणातील शाळा

देहूरोड हे लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेले गाव. येथील कष्टकरी कुटुंबांत आईवडील दोघेही कामावर गेले की तीन ते सहा वर्षांच्या मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ताराबाई मोडक यांच्या कार्याकडे वळावे लागते.

१९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. हीच ‘अंगणवाडी’ होय.

माँटेसरी पद्धतीची साधने महाग. म्हणून शिंपले, खडे, चिंचोके, पाने ही साधने झाली. चिंचोके मोजताना गणित येते, शिंपले लहानमोठे लावताना निरीक्षण वाढते. हातपाय धुणे, केस विंचरणे हाही पाठच. शिवाय शाळा दारात असल्याने आया ती पाहतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगीही त्याला कडेवर घेऊन येऊ शकते. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे कार्य बहरले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. पोषण आणि लसीकरण आवश्यकच आहे. परंतु खेळ मागे पडला, तर शब्द उरेल आणि अर्थ हरवेल. खेळ टिकवणे एकट्या सेविकेचे काम नव्हे. वस्तीतील आजीने गोष्ट सांगावी, सुताराने लाकडी ठोकळे द्यावेत आणि आपण विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक तास द्यावा. अंगण सर्वांचे असते. शाळाही तशीच व्हावी.