हवापाण्याचं इंग्रजी

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं नर्सिंग नाहीतर इंजिनिअरिंग केलेली. पर्यावरण, तंत्रज्ञान असले जड विषय ती घोकून येतात आणि "तुमच्या गावची हवा कशी असते?" एवढ्याशा प्रश्नाला "गुड" म्हणून गप्प बसतात. शिकवता शिकवता जे हाती लागलं ते असं:

१. एबीसीडीच्या क्रमाने केलेली यादी मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावते. पावसाचे शब्द चढत्या क्रमाने लावा: ड्रिझल म्हणजे भुरभुर, शॉवर म्हणजे येऊन गेलेली सर, मग हेवी रेन, मग डाऊनपोर. पण ही उतरंड तिकडच्या पावसाच्या मापाची आहे. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला एकट्या जुलैत त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या हवामान खात्याच्या लेखी तर चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला, तर कुठे तो 'हेवी'. म्हणून कोकणातल्या मुलीने नुसतं 'हेवी रेन' म्हणून थांबू नये. 'इट रेन्स फॉर डेज विदाउट अ ब्रेक' म्हणावं. शब्द सगळे शाळेतलेच, पण पाऊस दिसतो.

२. शब्द एकटा पाठ करू नका, जोडीने करा. आपण ऊन कडक म्हणतो, पाऊस कडक म्हणत नाही. तिकडेही रेन हेवी, विंड स्ट्राँग, फॉग थिक. 'स्ट्राँग रेन' कानाला खटकतं.

३. 'टुडे क्लायमेट इज नाइस' हे वाक्य महाराष्ट्रातून हद्दपार झालं तर मी पेढे वाटीन. आजचं ते वेदर. वर्षानुवर्षांचा ठरलेला तो क्लायमेट. आणि 'इन मान्सून' नव्हे, 'ड्युअरिंग द मान्सून'.

४. कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडू नका. स्पीकिंगच्या गुणांत शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा आहे, म्हणून असले वाक्प्रचार पाठ करून घेण्याची टूम निघाली. परीक्षक दिवसभर तेच ऐकत बसलेला असतो. पाठांतर त्याला चटकन कळतं.

५. हवा कशी होती यापेक्षा हवेने काय केलं ते सांगा. स्पीकिंगमध्ये कार्डावरच्या विषयाला तयारीसाठी एक मिनिट मिळतं आणि बोलायचं असतं दोन मिनिटांपर्यंत. 'रेनी, क्लाउडी, ह्युमिड' म्हटलं की गाडी अडलीच. संगमेश्वरकडची एक मुलगी अशीच अडली. म्हटलं, "अगं, आषाढात तुमच्या घरात काय चालतं ते सांग की." मग जी सुटली! चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेले कपडे, तरी त्यांना येणारा कुबट वास, फडताळातल्या चपलांवर चढलेली बुरशी, बरणीत पाघळलेलं मीठ. एकेका गोष्टीला आम्ही शब्द शोधला: डॅम्प, मस्टी, मोल्डी. ते तिला घोकावे लागले नाहीत, घरातच होते.

'ऑक्टोबर हीट'चंही असंच. आपण मराठीतसुद्धा सर्रास म्हणतो, पण परदेशी परीक्षकाला त्याचा बोध होईलच असं नाही. पाऊस परतल्यावर पुन्हा उकाडा सुरू होतो, हे एका वाक्यात उलगडून सांगायचं. बोलायला मुद्दाही आयता मिळतो.

६. लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की गुण गेला. टेम्परेचरमधला पीनंतरचा ई मुलं हमखास खातात. उलट लाइटनिंगमध्ये टीनंतर ई घुसवला की वीज जाते आणि 'हलकं करणं' उरतं. शिवाय बोलणारा आधी ऊन म्हणतो आणि मग 'बट' म्हणून सरी आणतो. 'बट'च्या आधीचं उत्तर लिहून मोकळं होऊ नये.

७. अकॅडेमिक परीक्षेच्या रायटिंगमध्ये पहिल्या टास्कला एखाद्या शहराच्या तापमान-पावसाचा आलेख येऊ शकतो. वीस मिनिटं, किमान १५० शब्द. दिसतं तेवढंच लिहायचं. आपल्या मुलांना जुलैचा खांब उंच दिसला की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा सगळा भूगोल आठवतो. राहू द्या तो, त्याचे गुण नाहीत.

८. हा धडा परीक्षेचा नाही, तरी शिकवते. इंग्लंडात नोकरीला लागलेल्या मुली कळवतात की वॉर्डातलं बोलणं हवेपासूनच सुरू होतं. केट फॉक्स यांनी 'वॉचिंग द इंग्लिश'मध्ये याचं मर्म सांगितलंय: इंग्रज माणूस हवेचा विषय काढतो तो संवाद जुळवायला, आणि समोरच्याने त्याला दुजोरा द्यायचा असतो. 'बिट चिली टुडे' म्हणाला की 'यस, इजंट इट?' म्हणायचं, खरंखोटं करत बसायचं नाही. नागपूरची एक मुलगी मात्र होकार देऊन झाला की हटकून नागपूरच्या मे महिन्यातला पारा ऐकवते. रुग्ण तिला रोज विचारतात म्हणे, आज तिकडे किती?