मोड, जोड आणि 'मी कोण?'

'रोबो' म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत, कोट्यवधींचं येतं. या लेखातला रोबो मात्र भंगाराचा आहे. त्याला दोन डोळे आहेत, दोन चाकं आहेत आणि अक्कल काडीचीही नाही. तरी 'मी कोण आणि कशासाठी?' हा प्रश्न तो आपल्या जाडजूड टेक्स्टबुकांपेक्षा बरा शिकवतो, असं माझं मत आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ट्रान्झिस्टरला मी ट्रान्झिस्टरच म्हणणार. सांभाळून घ्या.

शब्द कुठून आला?

झेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं. त्यातल्या कृत्रिम कामगारांना 'रोबो' हे नाव त्यांचे भाऊ जोसेफ यांनी सुचवलं. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. थोडक्यात, रोबो म्हणजे वेठबिगार. त्याने काय करायचं हे त्याच्या जन्माआधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

ब्रिस्टलची कासवं

पण प्रत्येक रोबो कामासाठी जन्मला नाही. विल्यम ग्रे वॉल्टर हे मेंदूचे अभ्यासक इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला काम करायचे. १९४८-४९ मध्ये त्यांनी दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. सामान कोणतं? युद्धानंतर उरलेले सुटे भाग, जुनी गजराची घड्याळं, गॅस मीटरची दातेरी चाकं. 'मेंदू' म्हणून फक्त दोन व्हॉल्व्ह. एक सेन्सर उजेडासाठी, दुसरा स्पर्शासाठी. एवढ्या भांडवलावर ती खोलीभर उजेड शोधत हिंडायची, अडथळा आला की बाजूने वाट काढायची आणि बॅटरी उतरली की दिवा लावलेल्या आपल्या घरट्याकडे परतायची.

खरी गंमत आरशासमोर झाली. कासवावर एक छोटा दिवा होता. पुरेसा उजेड दिसला की तो विझायचा. आरशात स्वतःचाच दिवा दिसला की कासवाचा दिवा विझे. विझला की समोरचा उजेड जाई, म्हणून तो पुन्हा लागे. अशी उघडझाप करत कासव आरशासमोर नाचायचं. वॉल्टर यांनी लिहिलं, की एखाद्या प्राण्याने असं केलं असतं तर त्याला 'स्व'ची जाणीव आहे, असं आपण म्हटलं असतं. आणि इथे होते जेमतेम दोन व्हॉल्व्ह!

आपल्याकडचा भंगाराचा गुरू

आपल्याकडे हा वारसा अरविंद गुप्ता यांचा. १९७५ साली ते आयआयटी कानपूरहून इंजिनीयर झाले आणि पुण्याला टेल्कोत लागले. पुढे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवणं हेच त्यांनी आयुष्याचं काम केलं. २००३ ते २०१४ ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मोटर प्रसिद्ध आहे: एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक आणि तांब्याच्या इनॅमल तारेची कॉइल. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. त्यामुळे अर्ध्या फेरीत करंट जातो आणि उरलेली अर्धी फेरी कॉइल स्वतःच्या वेगाने पूर्ण करते. कम्युटेटर म्हणजे काय, हे दोन मिनिटांत कळतं.

आता बनवू या

सामान: बिघडलेल्या खेळण्यातल्या किंवा सीडी ड्राइव्हमधल्या दोन मोटरी, दोन एलडीआर, टीआयपी १२२ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन प्रीसेट, दोन डायोड, चार पेन्सिल सेल. चाकांना बाटल्यांची बुचं, अंगाला डब्याचं झाकण आणि पुढचं तिसरं चाक म्हणून रिकाम्या रोल-ऑनचा गोळा. होस्टेलवर त्याला तोटा नाही!

उजेड पडला की एलडीआरचा रेझिस्टन्स कमी होतो, ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट मिळतो आणि मोटर फिरते. बेसपासून ग्राउंडपर्यंत प्रीसेट लावा आणि खोलीतल्या नेहमीच्या उजेडात मोटर थांबेल इतका तो फिरवा. मोटरवर उलटा डायोड हवाच, नाहीतर ट्रान्झिस्टर जाईल. एक सूचना: फुगलेली मोबाईल बॅटरी, सीएफएल आणि जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब यांना हात लावू नका.

आता महत्त्वाची पायरी. उजवा डोळा उजव्या मोटरला आणि डावा डाव्या मोटरला जोडा. उजेड उजवीकडून आला तर उजवं चाक जोरात फिरतं आणि गाडी डावीकडे वळते. म्हणजे ती उजेडापासून पळते. मग तारा उलटसुलट करा, उजवा डोळा डाव्या मोटरला. तीच गाडी आता उजेडावर धावून जाते. व्हॅलेंटिनो ब्रायटनबर्ग यांनी १९८४ च्या 'व्हेइकल्स' या पुस्तकात पहिलीला भित्री आणि दुसरीला आक्रमक म्हटलंय. भंगार तेच, सेल तेच. दोन तारा बदलल्या आणि स्वभाव बदलला.

दिघोरीचा प्रश्न

दिघोरी म्हटलं की नागपूरवाल्यांना उमरेड रोडवरचा चौक आठवतो. मी म्हणतोय ती भंडारा जिल्ह्यातली दिघोरी, माझ्या आजीचं गाव. सुट्टीत चुलत भावंडांबरोबर मी ही गाडी तिथेच जोडली. अंधाऱ्या माजघरातून ती दारातल्या उन्हाकडे सरळ धावली. पोरं ओरडली. आजीने विचारलं, "कायले बनवलास गा हे?" काही काम करते का, असा तिचा साधा प्रश्न. मी एलडीआर समजावायला लागलो, तेवढ्यात सात वर्षांची बहीण म्हणाली, "आजी, त्याले उजेड पायजे!"

त्याला खरंच काही 'पायजे' का? नाही. दोन तारांच्या पलीकडे त्याच्यात कोणी नाही. हेतू आपण त्याच्यात पाहतो. पण म्हणूनच ते यंत्र उपयोगाचं आहे. कारण आपल्या स्वतःच्या 'पायजे'बद्दलही ते विचारायला लावतं. सीईटीचा स्कोअर, कॅप राउंड, घरच्यांचा सल्ला, आता प्लेसमेंट... यातल्या किती तारा आपण स्वतः जोडल्या? बाकीच्या जोडणाऱ्यांनी प्रेमानेच जोडल्या, हे मान्य. पण कुठली तार कुठे जाते, हे आपण एकदा तरी उघडून बघितलंय का?

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. फुटका तांब्या 'मोड' म्हणून दिला की तो वितळतो आणि नवं भांडं होताना जुनी ओळख पार पुसली जाते. भंगाराच्या रोबोचं तसं नाही. त्याच्यात खेळण्याची मोटर मोटरच राहते, बूच बूचच राहतं. मोड नाही, जोड! बदलते ती फक्त जोडणी. मला वाटतं, माणसाचंही बरंचसं असंच असावं. गाव, शाळा, आजीची बोली, कॉन्व्हेंटचं इंग्रजी, काहीच वितळवावं लागत नाही. कशाला काय जोडायचं, एवढंच ठरवायचं असतं.

गाडीला स्वतःच्या तारा बदलता येत नाहीत. आपल्याला येतात, वेळ लागतो इतकंच. तेव्हा येत्या रविवारी होस्टेलच्या कपाटातलं बंद पडलेलं सामान बाहेर काढा आणि सुरुवात करा. सोल्डरिंग आयर्न माझ्या रूमवर आहे. फक्त परत आणून द्या.