पिनकोडातील मूळ संख्या आणि सातबाऱ्याची विश्वासार्हता

टपालासाठी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. यवतमाळच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या वाट्याला ४४५००१ हा क्रमांक आला. गणिताच्या दृष्टीने हा क्रमांक वैशिष्ट्यपूर्ण आहे. ज्या संख्येला १ व ती संख्या यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. ४४५००१ ही अशीच मूळ संख्या होय. पुसदचा ४४५२०४ व वणीचा ४४५३०४ हे क्रमांक सम असल्याने मूळ नाहीत.

याची खात्री शाळेतही करता येते. ६६७ चा वर्ग ४४४८८९ व ६६८ चा वर्ग ४४६२२४ आहे. म्हणून ६६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे ठरते. अशा संख्या १२१ आहेत. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार भागाकार येतात. एकानेही भाग जात नाही, हे वर्गाला स्वतः पडताळता येते.

आता ६६१ व ६७३ या मूळ संख्या घ्याव्यात. त्यांचा गुणाकार ४४४८५३ हा क्षणात करता येतो. परंतु केवळ ४४४८५३ देऊन तिचे अवयव विचारल्यास, २ पासून क्रमाने भागत जाणाऱ्यास १२१ व्या प्रयत्नात उत्तर मिळते. गुणणे सोपे, अवयव पाडणे कठीण. अंक वाढतील तसे हे अंतर अफाट वाढते.

रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी १९७७ मध्ये याच तत्त्वावर संदेश सुरक्षित राखण्याची पद्धत तयार केली. भारतात डिजिटल स्वाक्षरीसाठी ती वापरली जाते. तीनशेहून अधिक अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो, मूळ संख्या मात्र गुप्त राहतात. स्वाक्षरी करणाऱ्याजवळ गुप्त किल्ली असते. उघड किल्लीने कोणालाही स्वाक्षरी तपासता येते. दस्तऐवजातील एक अंक बदलला तरी स्वाक्षरी जुळत नाही.

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. पीककर्जासाठी कापूस उत्पादक शेतकऱ्याला हाच उतारा लागतो. त्यावर तलाठ्याची हाताची सही व शिक्का मागणे म्हणजे त्याला विनाकारण हेलपाटा घालायला लावणे होय. मात्र छापील कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवणेही योग्य नव्हे, कारण गणिताचे संरक्षण संगणकातील मूळ दस्तऐवजाला आहे, त्याच्या झेरॉक्स प्रतीला नाही. उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक महसूल विभागाच्या संकेतस्थळावर तपासणे हाच योग्य मार्ग होय. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही पडताळणी प्रत्यक्ष करून दाखविल्यास शेतकऱ्यांचा वेळ व पैसा वाचेल आणि बनावट उताऱ्यांनाही आळा बसेल.